साळवेच्या हाताची सावली

आज पहाटे साळवे गेला. त्याची माफी मागायची राहिली ती राहिलीच.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. पिंपरीतली आमची कंपनी. मी ट्रेनिंगला नवाकोरा ऑफिसर, टाय बांधून मिरवणारा. नव्या कामगारांना स्लाइड दाखवून सेफ्टीचं लेक्चर द्यायचो.

हॉलच्या मागे प्रोजेक्टरवर साळवे. मी छडी टेबलावर टक् वाजवली की तो स्लाइड पुढे सरकवायचा.

त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं प्रेस मशीनने नेली होती. म्हणून हे हलकं काम मिळालं होतं.

प्रेसची स्लाइड आली की मी गप्प बसायचो. साळवे उठायचा आणि तो हात प्रोजेक्टरच्या उजेडात धरायचा.

पडद्यावर भली मोठी सावली. दोन बोटं कमी.

"ह्यो माझा हात हाय. घाई व्हती म्हून मशीनचा गार्ड, ती जाळी, काढला. तुमी काढू नका, राव."

माझं तासाभराचं लेक्चर एकीकडे आणि ती सावली एकीकडे.

मग आला प्रोजेक्टरचा वायरलेस रिमोट. फॉरेनचा माल! मी तर हरखूनच गेलो.

पहिल्याच दिवशी वॉचमनच्या किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला आणि स्लाइड आपोआप पुढे! तो रिमोट कानाला न ऐकू येणाऱ्या बारीक आवाजावर चालायचा, आणि किल्ल्यांच्या खुळखुळाटानेही प्रोजेक्टर फसायचा.

साळवे मागून हसला. "सायेब, तुमच्यापरीस वॉचमन बरा शिकवतोय!"

पुढच्याच आठवड्यात त्याला परत प्रेस शॉपला टाकलं. बटण दाबायला मी होतोच की. मागे माणूस कशाला?

जाताना म्हणाला, "बटन तुमी दाबाल वो. पर हात कुनाचा दाखवनार? वर जरा बोला ना माझ्यासाठी. प्रेसचा आवाज आला की अजून अंगाला कापरं भरतं."

मी म्हणालो, "बघू."

कसलं बघू आणि कसलं काय! साहेबांपुढे तोंड उघडायची छाती नव्हती. आणि खरं सांगू? रिमोट हातात घेऊन मिरवायला मला आवडत होतं.

रिटायर होईपर्यंत तो तिथेच राहिला. कँटीनमध्ये दिसलो की आधी तोच हात वर करायचा. "जय भीम, सायेब!"

कधी एक टोमणा नाही. मारला असतास तर बरं झालं असतं रे.

पुढे कितीतरी लेक्चरं दिली. प्रेसची स्लाइड आली की सवयीने गप्प व्हायचो. पोरं माझ्याकडे बघत बसायची. पडद्यावर नुसतं मशीन.

फार चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

आज रहाटणीला त्याच्या घरी गेलो. लेकीने विचारलं, "काका, तुम्हीच का ते स्लाइडवाले साहेब? बाबा नेहमी सांगायचे, त्या हॉलमध्ये लय मजा यायची म्हणून."

मी आत साळवेजवळ गेलो.

त्याचा उजवा हात हातात घेऊन बसलो. गार पडला होता.

हात तुझाच दाखवायला हवा होता, साळवे. मी तुझ्यासाठी एक शब्द टाकला नाही.

निघताना दारात थांबलो. वळून म्हणालो, "जय भीम, साळवे."

आज आधी मी हात वर केला.