मामांची खिडकी

डब्यांच्या कारखान्यातल्या स्वयंपाकघराला एक खिडकी होती. लाकडी फळीची, वर सरकवायची. तिच्या आत तीन मोठी पातेली आणि बाहेर चारशे भुकेली माणसं. ती उघडायचं काम एकतीस वर्षं एका माणसाकडे होतं, आणि एकतीस वर्षांत त्यानं ती एकदाही वेळेवर उघडली नाही.

कारखाना त्याला मामा म्हणायचा. हा माणूस सगळ्यांना मामा बनवायचा, म्हणून नाव त्यालाच चिकटलं. साडेबाराचा भोंगा झाला, माणसं ताटं घेऊन आली, की मामा हात पुसत बाहेर यायचे, बंद खिडकीला पाठ लावून उभे राहायचे आणि स्वतःच्या लग्नाची गोष्ट सुरू करायचे. ती रोज वेगळी. एकदा ते चुकून शेजारच्या मांडवात जाऊन बसले होते, एकदा सासऱ्यानं त्यांना आचारी समजून कांदे चिरायला बसवलं होतं. त्या गोष्टींत त्यांची बायको दोनदा पळून गेली होती आणि एकदा नवऱ्यालाच उचलून घेऊन आली होती. माणसं हसून लोळायची. पोटात कावळे ओरडत असताना हसायचं म्हणजे काही खायचं काम नाही, पण मामा ते करवून घ्यायचे. मग खिडकी वर जायची तेव्हा बारा चाळीस झालेले असायचे.

त्यांची मुलगी अकरा वर्षं त्याच स्वयंपाकघरात भाज्या चिरत होती. बापाचा विनोद तिच्या वाटेला आला नव्हता. ती सरळ, नेटकी, घड्याळाच्या काट्यावर चालणारी. वडलांच्या या दहा मिनिटांची तिला मनापासून लाज वाटायची. कारखान्याचे साहेब दर महिन्याला त्यांना बोलावून झापायचे आणि मामा बाहेर येऊन साहेबांच्याच चालीनं चालून दाखवायचे.

"बाबा, पुरे आता तोंडाची टकळी," ती म्हणायची. "लोक घड्याळ बघतात."

"बघू दे की. घड्याळ बघायलाच असतं."

हिवाळा संपता संपता मामा आजारी पडले. अंथरुणावरून त्यांनी तिला सगळं एका वहीत लिहून दिलं. किती तांदूळ, किती पाणी, बटाट्याच्या रश्श्याला किती कांदा, मीठ केव्हा. एकोणीस दिवसांत ते गेले. जाईपर्यंत नर्सला त्यांच्या लग्नाच्या तीन गोष्टी ऐकवून झाल्या होत्या.

मामा पडल्यापासून स्वयंपाकघर बंद होतं, माणसं घरून भाकरी आणत होती. साहेबांनी आणखी पंधरवडाभर वाट पाहिली आणि तिला बोलावलं. बाहेरची एक कंपनी तयार जेवणाचे बंद डबे द्यायला तयार होती. "तुम्हाला आठ दिवस देतो," साहेब म्हणाले. "टाकलेल्या अन्नाची बादली मी रोज स्वतः बघणार. आठव्या दिवशी ती भरलेली दिसली, तर स्वयंपाकघराला कुलूप."

"बादली रिकामी दिसेल," ती म्हणाली.

पहिल्या दिवशी भोंग्याबरोबर खिडकी वर गेली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा! तिला वाटलं, आता तरी लोक म्हणतील, मुलीनं शिस्त लावली. लोकांनी ताटं भरून घेतली, बसले, आणि अर्ध्याहून जास्त अन्न बादलीत गेलं.

"काय चुकलं?" तिनं वेल्डरला विचारलं. तो मामांचा जुना दोस्त, खरं बोलायला न घाबरणारा.

"चुकलं काहीच नाही ताई. पण भात हाताला चिकटतो. रस्सा पाणी पाणी, आणि बटाटा आतून अळणी. मामांच्या हातची चव नाही, दुसरं काय!"

हातची चव! तिला या शब्दांचा राग आला. हात काय, तिलाही दोन होते. दुसऱ्या दिवशी तिनं पाणी कमी केलं, तर भाताला मधे कणी राहिली. तिसऱ्या दिवशी मीठ वाढवलं, तर रस्सा खारट आणि बटाटा तसाच अळणी. वहीतली ओळ न् ओळ तिनं पुन्हा तपासली. चौथा, पाचवा, सहावा दिवस गेला, बादली रोज भरत राहिली. बंद डब्यांच्या कंपनीचा माणूस येऊन जागेची मापंही घेऊन गेला. तिनं त्याला चहा विचारला नाही.

सातव्या दिवशी संध्याकाळी ती घरी आली ती भुकेजून. आईनं नुकताच भात उतरवला होता. तिनं झाकणाला हात घातला, तशी आईनं हातावर चापट मारली.

"थांब जरा. मुरू दे. तुझे बाबा असते तर एखादी गोष्ट लावली असती."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? तुम्ही पोरं लहान होतात, भुकेनं चुलीभोवती नाचायचात. झाकण काढलं की भाताचा चिखल. मग ते गोष्ट सांगायचे. गोष्ट संपेपर्यंत झाकणाला हात नाही. पुढे कारखान्यातही तेच चालवलं. मला म्हणायचे, भुकेल्या माणसाला 'थांब' म्हटलं तर तो चिडतो, गोष्ट सांगितली तर थांबतो."

मुलीनं हात मागे घेतला. "मला कधी सांगितलं नाही त्यांनी."

"तू विचारलंस कधी?" आई म्हणाली. "तू भांडायचीस."

आईच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. अकरा वर्षं ती ज्या दहा मिनिटांवरून बापाला बोलत होती, तीच तर चव होती. जेवताना तिला बापाची फार आठवण आली. पण तिनं ताट संपवलं. उद्या उभं राहायचं होतं.

आठव्या दिवशी तिनं वहीतल्या मापानंच सगळं केलं. त्या स्वयंपाकघरात शेगड्या नव्हत्या, पातेली कारखान्याच्या बॉयलरच्या वाफेवर शिजायची आणि वाफ अकराच्या आधी मिळायची नाही. त्यामुळे लवकर चढवायचा प्रश्नच नव्हता. साडेबाराचा भोंगा झाला तेव्हा तिनं वाफेचा कॉक बंद केला, झाकणं घट्ट लावली आणि बाहेर येऊन खिडकीला पाठ लावून उभी राहिली.

चारशे माणसं आणि पुढे हातात घड्याळ घेऊन साहेब.

तिला एकही गोष्ट सुचेना. सुचणार कुठून? जन्मात कधी सांगितली नव्हती.

"खिडकी उघडा," साहेब म्हणाले.

"दहा मिनिटांनी."

"आज आठवा दिवस आहे, माहीत आहे ना?"

"म्हणूनच."

मागून ताटं वाजायला लागली. कोणी म्हणालं, बापानं निदान हसवलं तरी असतं. तशी ती त्याच्यावर उखडली. "हसायचं असेल तर आरशात बघा! सात दिवस मी तुम्हाला कच्चंपक्कं घातलं, तेव्हा एक वेल्डर सोडला तर कोणी तोंडावर बोललं नाही, गुपचूप बादलीत टाकलंत. आज दहा मिनिटं थांबायला काय धाड भरली?" तो माणूस उलट बोलला, ती त्याला बोलली, दुसरा मधे पडला, त्यालाही तिनं सोडलं नाही. "मामा गोड बोलायचे!" एक जण ओरडला. "मी नाही बोलत!" ती त्याच्या दुप्पट ओरडली. "चव मात्र तीच मिळेल. थांबायचं तर थांबा!" भांडणाला असा काही रंग चढला की वेल्डर हसायला लागला आणि मग रांगच्या रांग हसायला लागली. ती मात्र हसली नाही. बारा चाळीसला तिनं वळून फळी वर सरकवली.

भात मोकळा सुटला होता. रस्सा दाटला होता, बटाट्यात मीठ उतरलं होतं. साहेबांनी दोनदा वाढून घेतलं. मग ते बादलीपाशी गेले आणि वाकून बघितलं. तळाला कांद्याची टरफलं तेवढी होती.

"ठीक आहे," ते म्हणाले. "स्वयंपाकघर तुमच्याकडे. पण उद्यापासून खिडकी साडेबाराला उघडायची."

तिनं कमरेच्या किल्ल्या काढून त्यांच्यासमोर टेबलावर ठेवल्या.

"हे काय?"

"साडेबाराला उघडायची असेल तर बंद डबेच मागवा. वाफ तुम्ही लवकर देत नाही, आणि अर्धवट जेवण मी देणार नाही. जेवणाचा भोंगा दहा मिनिटं पुढे न्या."

"तुमच्या वडलांसारख्याच हट्टी आहात."

"ते हट्टी नव्हते, साहेब. ते तुमचं ऐकून घ्यायचे आणि हसायचे. मी ऐकून घेणार नाही."

साहेबांनी मागे बघितलं. चारशे माणसं रिकामी ताटं घेऊन त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी किल्ल्या तिच्याकडे सरकवल्या. "बारा चाळीस," ते म्हणाले. "पण मिनिटभरही वर नाही."

दारावर रंगवलेली पाटी होती: जेवणाची वेळ, साडेबारा. तिनं स्टूल मागवलं, त्यावर चढली आणि घासणीनं ती अक्षरं खरवडायला लागली. जुना रंग, लवकर निघेना. वेल्डर म्हणाला, मी करतो, पण तिनं दिलं नाही. पाटी कोरी झाल्यावर तिनं खडूनं मोठ्या अक्षरात बारा चाळीस लिहिलं.

"बाबांनी कधीच उशीर केला नव्हता," ती सगळ्यांच्या देखत म्हणाली, आणि स्टुलावरच उभी राहून रडली. मग खाली उतरली आणि पातेली घासायला आत गेली.