सरांची गायब व्हायची विद्या

गल्लीत सगळे त्यांना सर म्हणायचे. बायकोही म्हणायची, पण तिच्या तोंडी त्यातला आदर शोधायला भिंग लागलं असतं. सर पुढच्या खोलीत इंग्रजीचे वर्ग घ्यायचे, ती आत मशीनवर कपडे शिवायची. सरांना शब्दांची मुळं सांगायची भारी हौस, आणि काम दिसलं की पसार व्हायची त्याहून भारी. कपाट सरकवायचं म्हटलं की सर गायब. जेवायला मात्र न बोलावता हजर.

तेही तिनं पोटात घातलं. पण सासरे पडले, खुब्याचं हाड मोडलं आणि अंथरुणाला खिळले. डॉक्टरांनी बजावलं, दोघांनी मिळून यांची कूस बदलत राहा, नाहीतर पाठीला जखमा होतील. आता दुसरा माणूस आणायचा कुठून? दुसरा माणूस चपला घालून केव्हाच बाहेर. एकटीनं ओढून ओढून तिची कंबर गेली, आणि शेवटी म्हाताऱ्याच्या पाठीवर लाल चट्टा उठलाच. तो बघून तिला रडू फुटलं, मग संताप आला.

तेवढ्यात बाहेरून सरांचा आवाज आला. "व्हॅनिश म्हणजे नाहीसं होणं. मूळ लॅटिन, अर्थ रिकामं, पोकळ. फ्रेंचांकडून इंग्रजांकडे येताना शब्दाचं तोंड झिजलं, पहिलं अक्षर गळलं, एवढंच."

सासरे हाका मारत होते. सरांनी आवाज आणखी चढवला.

पोकळ म्हणे. स्वतःची एवढी अचूक ओळख दुसरं कोण करून देणार?

दुसऱ्या दिवशी सर बाहेर असताना तिनं शेजारच्या रंगाऱ्याला बोलावलं आणि सासऱ्यांसकट खाट फळ्याशेजारी आणून ठेवली. सर आले. मुलंमुली येऊन बसली. मग तिनं मशीन ओढून बाहेरच्या दारात आडवं लावलं आणि शिवायला बसली.

"अरे, कूस बदल माझी," सासरे म्हणाले.

सगळा वर्ग बघायला लागला. सरांनी दाराकडे पाहिलं. ती सुईत दोरा ओवत होती.

झक मारत सर खाटेशी गेले. वाकले, हात पुढे केले आणि तसेच थांबले. बापाला कुठं धरायचं, ते त्यांना ठाऊकच नव्हतं.

ती उठली, पलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"सांभाळून घे गं सूनबाई," म्हातारा म्हणाला. "नवीन माणूस आहे."