देवळाचा ओटा

देऊळ बांधून झालं आणि पहिल्याच रविवारी आमच्या मंडळीचा आवाज बसला.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता तेव्हाची ही गोष्ट. चिखलीकडच्या आमच्या गावात ख्रिस्ती घरं बोटांवर मोजण्याइतकी. माझे वडील मंडळीचे उपदेशक, म्हणून उपासना आमच्याच अंगणात व्हायची, घोंगड्या अंथरून. मग मिशनच्या साहेबांनी गावाबाहेर दगडी भिंतींचं, कौलारू देऊळ बांधून दिलं. जो तो हरखला. आत बसल्यावर मात्र गीत कुणी उचलायचं हेच कळेना. वडिलांनी एका पट्टीत सुरू केलं, बाया दुसऱ्याच पट्टीत शिरल्या आणि पुढच्या कडव्याला सगळे गप्प.

कारण साधं होतं, पण बोलायची सोय नव्हती. अंगणात गीत उचलायची माझी आत्या, आणि आत्या ख्रिस्ती नव्हती. वडिलांची ही थोरली बहीण विधवा, त्याच गावात दिराच्या घरी राहायची. रविवारी आमच्या ओसरीवर सूप घेऊन डाळ निवडत बसायची. आमच्याकडचं पाणीही प्यायची नाही. पण गीत सुरू करायची वेळ झाली की मान खाली घालून असा काही गळा सोडायची की सगळी मंडळी तिच्या मागे. बाई भावाकडे डाळ निवडायला गेली, यात दिराला बोट ठेवायला जागा नव्हती. देवळात कोणत्या निमित्ताने जाणार? तिथे पाऊल टाकलं असतं तर दिराने दार लावून घेतलं असतं. वडील म्हणाले, आमच्याकडे राहा. ती म्हणाली, "नवऱ्याचं घर हाय ते माह्यं. काऊन सोडू?"

साहेबांना यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि वडील सांगायला धजत नव्हते. घरात वाघ, साहेबांपुढे नुसतं "हो जी, हो जी". मला आजही त्याची चीड येते.

काही रविवार आत्या आमच्या रिकाम्या ओसरीवर एकटीच सूप घेऊन बसली. सुपातली डाळ तशीच. आईने ते पाहिलं. आई भारी हिकमती बाई. देवळाचा ओटा मातीचा होता आणि तो सारवायचं काम उपदेशकाच्या बायकोचं. आईने कंबर धरल्याचं सोंग केलं, लंगडत आत्याच्या दिराकडे गेली. "भाऊ, कंबर लय दुखून राह्यली. आक्काले ओटा सारवाले धाडता का?"

दिराने जरा विचार केला. "शेणाले काय बाट लागते? जाऊ दे तिले."

झालं. तेव्हापासून आत्या ऐन उपासनेच्या वेळी सारवायला येऊ लागली. दार उघडं, आत मंडळी, बाहेर ती, हात कोपरापर्यंत शेणात, आणि गीत तिचं. मंडळीचा गळा मोकळा झाला. एकच पंचाईत. उपासना संपायची तेव्हा ओटा ओला, आणि ओल्या सारवणावर पाय कोण देणार? वाळेपर्यंत सगळे आत अडकायचे. मग बसलोच आहोत तर अजून एक गीत व्हायचं. जनावरं सोडायची घाई असलेले एक म्हातारे दर खेपेला कुरकुरायचे, पण बसायचे.

हिवाळ्यात साहेब दौऱ्यावर आले. शेणाचा ओटा त्यांना पाहवेना. त्यांनी गाडीभर फरशी पाठवली, गवंडी आले, ओटा पक्का झाला. "आता तिनं कुठं बसावं, सांगा," आई वडिलांना म्हणाली.

पुढच्या रविवारी साहेब स्वतः हजर होते. आत्या शेणाची पाटी घेऊन आली आणि ओट्यापाशी थबकली. मी दाराशी बसले होते, मला तिचं तोंड दिसत होतं. तिने फरशीवरून हात फिरवून पाहिला. आता ही माघारी जाते, असं मला वाटलं. ती खाली बसली. पाणी शिंपडलं आणि त्या गुळगुळीत नव्या फरशीवर शेणाचा हात ओढला. गीतही तिनेच उचललं.

साहेब भुवया चढवून उठले आणि दाराकडे निघाले. वडील त्यांच्या आडवे उभे राहिले.

"साहेब, बसा," ते म्हणाले, "ओटा ओला हाय."