शालनची पोर त्या दिवशी आली नाही

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. तुम्हाला सांगते, पण मधेच "असू द्या बाई" म्हणू नका.

भांडगावकडच्या एका वस्तीवर माझी अंगणवाडी होती. नव्वद सालानंतरची गोष्ट. पोरांची वजनं करायची म्हणजे डोक्याला ताप! काट्याला पोर टांगलं की दृष्ट लागते, असं आया म्हणायच्या. "अगं, दृष्टबिष्ट काही नसतं" — दारोदार सांगून घसा बसला माझा. शालन तेवढी ऐकायची. माझ्या शब्दावर तिचा भारी विश्वास.

तिची पोर दीड वर्षाची, हातापायाच्या नुसत्या काड्या. डॉक्टर पाठवा म्हणून वर कळवून कळवून मी वैतागले होते. यायचं काय, तर कोरे तक्ते भरायला!

आणि एकदाचा निरोप आला — तालुक्याहून साहेब येणार, सोबत डॉक्टर. मग मी काय करावं? माझी अंगणवाडी चांगली, असं नाव होतं. असली वाळलेली पोर बघून चारचौघांत साहेब ओरडले तर — एवढंच डोक्यात. आदल्या दिवशी शालनच्या दारात गेले. म्हणाले, "उद्या पोरीला आणू नगं. बाहेरची लई माणसं येणार हायेत. दृष्ट लागंल."

होय, मीच म्हणाले. कुणी शिकवलं नव्हतं.

"बरं झालं सांगितलं, बाई," म्हणाली ती.

डॉक्टर भला माणूस निघाला. एका खोकणाऱ्या पोराला स्वतःच्या जीपमधून दौंडच्या दवाखान्यात घेऊन गेला. जीपमध्ये जागा होती. शालनचं घर चार घरं पलीकडं — हाक मारायला कितीसा वेळ लागला असता?

पुढं शालननं पोरीला बाहेर काढणंच सोडलं. मी एकदा गेले. "आता नगं, बाई," म्हणाली. जोर करायला तोंड होतं का मला? दोन महिन्यांत जुलाब लागले आन् पोर गेली.

शालन माझ्या गळ्यात पडून रडली. "झाकून ठिवली वो बाई, पर घरातलीच नजर लागली." घरातली म्हणजे तिची जाऊ, मूलबाळ नसलेली. ती तिथंच उभी होती, माझ्याकडं बघत. बाई काहीतरी बोलतील, म्हणून.

मी पदर तोंडाला लावला आणि गप्प बसले.

त्या जावेला वस्तीत अजून कुणी बारशाला बोलवत नाही. मला पहिलं बोलावणं असतं. मी जाते.