एफीमावशीचा सरदार

एफी मॅकफी थडग्यावर झोपते, अशी आमच्या स्कॉटिश बेटावर आवई होती. शाळेतली पोरं तर शपथेवर सांगायची, की मेलेल्या सरदाराला उशाशी घेतल्याशिवाय तिचा डोळाच लागत नाही.

खरं एवढंच, की थडग्यावर तिच्या कोंबड्या झोपत. तिच्या आजोबांनी पडक्या चॅपलच्या कबरस्तानातून एक लांबलचक दगड उचलून आणला नि खुराड्याची फरशी केली. यंदा जानेवारीच्या वादळात खुराडं उडालं, पावसानं तीन पिढ्यांची शीट धुऊन काढली, आणि खालच्या दगडावर दिसली एक तलवार आणि शिडाची होडी. सहाशे वर्षांपूर्वी कुणा सरदाराच्या थडग्यासाठी कोरलेली.

वास लागल्यासारखे डॉक्टर थरबर्न एडिनबरोच्या संग्रहालयातून हजर. बोलणं सगळं नाकातून. "बाई, आम्ही हा केवळ स्वच्छतेकरिता नेतो. तात्पुरता!"

एफीमावशी चौऱ्याहत्तर वर्षांची. तिच्या लहानपणी चॅपलचा कोरीव क्रूस असाच 'तात्पुरता' गेला होता. "साठ वर्षं घासतायत," ती म्हणाली. "एवढ्यात झिजून गोटी झाली असेल त्याची."

पण कायदा त्यांचा. जुनं सापडलं की सरकारजमा. मावशी रात्रभर जळफळली. "हा गेला तर मी मेल्यावर कबरीत शेजारी कोण? टॉर्किल?"

टॉर्किल म्हणजे आमचा खेकडेवाला. तो म्हणाला, "मलाही हौस नाही!"

"मावशी, बुधवारच्या बोटीनं तुझा सरदार गेलाच म्हणून समज," मी म्हटलं.

"लाव पैज."

लावली. ती हरली तर वर्षभर मी गावभर तिच्या नकला करणार आणि तिनं चकार शब्द काढायचा नाही. मी हरले तर... "ते मी तेव्हा सांगेन," ती म्हणाली.

बुधवारी सकाळी तिनं डॉक्टरांना चहा दिला आणि भात्यातून बाण काढावा तसं हळूच म्हणाली, "न्या की. पण थडग्याचा दगड आहे, बाळा. आमच्याकडे तो गाडीत घालत नाहीत. मयतासारखा खांद्यावरून न्यायचा. मंजूर?"

डॉक्टरांचे डोळे लकाकले. मध्ययुगीन प्रथा, आणि तीही चालती-बोलती! वही निघाली. मावशी सांगत गेली, ते लिहीत गेले. एक, आठ माणसं, पाळीपाळीनं. दोन, प्रत्येक विसाव्याला व्हिस्कीचा घोट, ओटची भाकरी नि चीज. तीन, कुणी घाई करायची नाही. चार, कबरस्तानात टेकवलेलं पुन्हा उचलायचं नाही. "अद्भुत!" म्हणत त्यांनी चौथ्याखाली दोनदा रेघ ओढली.

वरात निघाली. पहिल्या विसाव्याला डॉक्टर नाकातून बोलत होते, दुसऱ्याला तोंडातून, तिसऱ्याला गाऊ लागले. बंदराची वाट जाते चॅपलच्या कबरस्तानातून. तिथं टॉर्किल कण्हला, "कंबर गेली!" आणि आठही जणांनी दगड हिरवळीवर टेकवला. खाली धक्क्यावर बोटीचा भोंगा झाला.

"उचला, उचला!" डॉक्टर म्हणाले.

कुणी वाकलं नाही.

"डॉक्टर," मावशी गोड आवाजात म्हणाली, "तुमच्या वहीत चौथं काय लिहिलंय, वाचा बघू."

त्यांनी वाचलं. मग रेघांकडे बघत बसले. "पण... तुमच्या आजोबांनी तर इथूनच उचलला होता!"

"म्हणून तर आमच्या कोंबड्या कधी धड अंडी देईनात."

डॉक्टर आधी ओठ चावत राहिले, मग हसत सुटले. फॉर्मवर त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं: दगड मूळ जागी परतला, जतन इथेच करावे. भोंगा पुन्हा झाला.

"पळा आता," मावशी म्हणाली. "पाहुणे ठेवून घ्यायची आमच्याकडे प्रथा नाही."

शनिवारी सभागृहात सगळं बेट जमलं. मला पहिल्या रांगेत बसवलं होतं. एफीमावशी व्यासपीठावर चढली, नसलेली वेणी मागे झटकली, हनुवटी वर केली आणि हुबेहूब माझ्या आवाजात म्हणाली, "गेलाच म्हणून समज!"

सगळ्यांत मोठ्यानं माझी आई हसली.