चकचकीत सुरी, सुरमईचं डोकं आणि माझा तळवा

मंडळी, डाव्या तळव्याला चार टाके पडलेत, एका हाताने टाइप करतोय.

सकाळी नव्या स्टीलच्या सुरीने सुरमईचं डोकं तोडत होतो. तुटेना म्हणून जोर केला. सुरी घसरून तळव्यात शिरली. पाटावर माशाचं आणि माझं रक्त एक झालं.

टाके घालून घेतले आणि सुरी घेऊन थेट मासळीवाल्या मावशींकडे गेलो. त्यांनी माझी सुरी एका सुरमईच्या डोक्यावर हाणली. धार दुमडली. मग आपला काळा लोखंडी कोयता घातला. एका घावात डोकं खाली.

"तुझं स्टील मऊ. गंजत नाय, पण धार धरीत नाय. मग माणूस जोर करतो नि हात कापून घेतो."

खाऱ्या हवेत गंजतो म्हणून आईचा असाच कोयता मी गेल्या महिन्यात भंगारात दिला. तुम्हीही दिलात का?

तीस वर्षं मासे कापूनही आईच्या हातावर एक व्रण नाही.