डोळ्यामागची सूज

डाव्या डोळ्याला लाल रंग फिका दिसला, त्या दिवशी मी खरी घाबरले. त्याआधीचे सात-आठ महिने नुसता वैताग होता.

सुलतानपुरात लोणारच्या रस्त्यावर माझं शिलाईचं दुकान आहे. ब्लाऊज, परकर, शाळेचे गणवेश असली कामं. नवरा शेत बघतो, मुलगी कॉलेजात आहे. त्या वर्षी मला ऐन थंडीत पंखा लागायला लागला. बसल्या जागी छाती धडधडायची, हात थरथरायचे, माझेच ब्लाऊज मला सैल व्हायला लागले. मेहकरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि थायरॉईड वाढल्याचं सांगून गोळ्या दिल्या. धडधड थांबली, पण डोळे मोठे होत गेले, डावा जास्त. माप द्यायला आलेल्या बाया म्हणायच्या, "अशा काऊन पाहून राह्यल्या वो? राग आला का?" मी हसून टेप फिरवायची. दुपारी जरा आडवी झाले की मुलगी म्हणायची, "आई, तू डोळे उघडेच ठेवून झोपतं. मले भेव वाटते."

मग एका सुईच्या दोन सुया दिसायला लागल्या. मी डावा डोळा मिटून शिवायची सवय लावून घेतली. एकदा बोट मशीनच्या सुईखाली गेलं, तरी कुणाला बोलले नाही.

तो दिवस मला लख्ख आठवतो. एका गिऱ्हाइकाचं लाल कापड होतं आणि त्याला जुळणारा दोरा मी शोधत होते. उजवा डोळा चोळताना रीळ डाव्या डोळ्यानं पाहिलं, तर ते विटकरी दिसलं. उजव्यानं पाहिलं, लाल. पुन्हा डाव्यानं, विटकरी. रीळ घेऊन मी दाराशी उजेडात आले आणि दहा वेळा डोळे झाकून-उघडून पाहिलं. तसंच. दुकान उघडं टाकून मी घरी गेले आणि नवऱ्याला म्हटलं, "मले आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्या."

शहरातल्या डॉक्टर मॅडमनी माझं लाल रंगाचं सांगणं ऐकलं आणि हातातलं पेन खाली ठेवलं. त्याच दिवशी डोक्याचा स्कॅन झाला. डोळा हलवणारे स्नायू मागच्या बाजूनं सुजले होते आणि त्या सुजेत डोळ्याची नस दाबली जात होती. "थायरॉईडचाच आजार आहे, डोळ्यात उतरलाय," मॅडम म्हणाल्या. "तीन दिवस सलाईनमधून औषध देऊ. नस मोकळी झाली तर ठीक. नाही तर ऑपरेशन करून मागची थोडी चरबी आणि हाड काढून जागा करावी लागेल. उशीर केला तर नजर जाईल." मग त्यांनी विचारलं, "घरात कोणी बिडी-सिगारेट ओढतं का? या डोळ्यांना धूर फार वाईट."

नवऱ्याचा हात खिशावर गेला आणि तिथंच राहिला.

तीन दिवस सलाईन चाललं. चौथ्या दिवशी सकाळी मॅडमनी रंगाचं पुस्तक दाखवलं. डाव्या डोळ्याला त्यातले रंगीत ठिपक्यांतले आकडे ओळखू आले नाहीत. दोन दिवसांनी ऑपरेशन ठरलं.

त्याच दुपारी एक तरुण मुलगी माझ्या खाटेजवळ आली. ती संशोधनाचं काम बघत होती. म्हणाली, "काकू, ऑपरेशनमध्ये जी चरबी काढतील ती एरवी टाकून देतात. तुम्ही हो म्हणालात तर आम्ही ती अभ्यासाला ठेवू. नाही म्हणालात तरी उपचारात काही फरक पडणार नाही. हा कागद वाचा, घाई करू नका." कागद ठेवून ती पुढच्या खाटेकडे गेली.

मी उजव्या डोळ्यानं वाचायला लागले. मराठीत होता, पण सरकारी मराठीत. पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं की हा अभ्यास थायरॉईडमुळे होणारा डोळ्यांचा आजार आणि डोके व मान यांचे कर्करोग, या दोन्हींमधल्या सुजेचा आहे.

कर्करोग. पुढचं एक अक्षर मी वाचलं नाही.

नवरा खाटेच्या कडेला बसला होता. मी विचारलं, "मले काय झालं? खरं सांगा."

"थायरॉईड हाये तुले. दुसरं काई नाई," तो म्हणाला आणि मान फिरवली.

असंच वाक्य, याच आवाजात, मी स्वतः बोलले होते.

माझ्या मायला तोंडाचा कॅन्सर होता. तिला मिसरीची सवय होती, गालाच्या आत जखम झाली आणि ती भरेना. रिपोर्ट आला तेव्हा मी आणि माझ्या थोरल्या भावानं, दादानं, दवाखान्याच्या पायरीवर बसून ठरवलं की तिला सांगायचं नाही. "फोड हाये तुले. दुसरं काई नाई," मी तिला म्हटलं, आणि मान फिरवली. मायला वाचता येत होतं, शाळा शिकलेली होती ती. म्हणून सगळे कागद दादानं गव्हाच्या कोठीत टाकले. तिनं चार वेळा विचारलं, "माहा कागद कुठी हाये?" आम्ही चारही वेळा म्हटलं, डॉक्टरकडे. दहा महिन्यांनी ती गेली, शेवटपर्यंत फोडाची आयुर्वेदिक पूड लावत.

आता मी खाटेवर होते आणि नवरा मान फिरवून बसला होता. मॅडम गोड बोलत होत्या. नर्स मला मावशी म्हणत होती. मायशीही सगळे असेच गोड बोलायचे. डोळ्यामागं गाठ आहे, ती काढणार आहेत, आणि सगळ्यांनी मिळून मला थायरॉईड सांगितलंय, याबद्दल माझ्या मनात शंकाच उरली नाही.

नवरा औषधं आणायला खाली गेला. मी कागद पिशवीत घातला, हातावरच्या सलाईनच्या सुईवर पदर घेतला आणि जिना उतरून बाहेर पडले. पायऱ्या दोन-दोन दिसत होत्या, म्हणून कठडा धरून एकेक उतरले. स्टँडवर खामगावची एसटी लागलेली होती. ती उंद्रीवरून जाते. उंद्री माझं माहेर, दादा तिथंच असतो. दुसऱ्या कुणाला मी खरं विचारू शकत नव्हते, कारण ते खोटं मी दुसऱ्या कुणाबरोबर बोलले नव्हते.

त्या प्रवासासारखी भीती मला आयुष्यात कधी वाटली नाही, ऑपरेशनच्या टेबलावरसुद्धा नाही. डावा डोळा पदरानं दाबून मी खिडकीशी बसले होते. फोन सारखा वाजत होता, तो मी बंद केला. मुलीचं लग्न व्हायचं होतं. डोळा काढून टाकतील का, मग तिथं काय राहतं, असले विचार यायचे. मायचा गाल शेवटी आरपार गेला होता, ते मी धुतलं होतं. तसं माझं कोण धुवेल? मुलीनं धुवावं, हे मनात आणवेना. देऊळगाव राजाला शेजारच्या बाईनं विचारलं, "डोळे आले का वो?" मी हो म्हटलं. ती सरकून बसली.

उंद्रीत उतरले तेव्हा दिवस मावळायला आला होता. दादा ओट्यावरच उभा होता. नवऱ्यानं त्याला फोन केलेला होता.

"बाई, असं कुठी करतेत का? तिकडे जवाईबापू रडून राह्यले," तो म्हणाला. वहिनीनं पाणी आणलं, मी घेतलं नाही.

"दादा, मले कॅन्सर हाये ना?"

"नाई वो. थायरॉईड हाये तुले."

"मायलेबी आपण असंच म्हणलो व्हतो. तुह्या गळ्याची शपथ, आता तरी खरं बोल."

तो एकदम खाली बसला आणि रडायला लागला. साठीकडे झुकलेला माणूस, लेकरासारखा रडला. मला वाटलं, झालं, हेच उत्तर. मी भिंतीला टेकले. वहिनी म्हणाली, "ते मायसाठी रडून राह्यले, बाई. तुह्यासाठी नाई." पण मला ते खरं वाटेना.

मी पिशवीतून कागद काढून त्याच्यापुढं टाकला. "मंग हे काय हाये? वाच."

दादानं चष्मा लावला. तो हळू वाचतो, ओळीवर बोट ठेवून. पहिलं पान झालं, दुसरं झालं. मग त्यानं विचारलं, "हा कागद तुले कोणं देला?"

"तिथल्याच पोरीनं."

"तुह्या हातात देला? घाई नको करू, वाच म्हणली?"

"हाव."

"मंग इचार कर ना बाई. आपण मायच्या हातात कागद देला व्हता का कधी? लपवाचं असतं तं तुह्या हातात देला असता का?"

मी त्याच्या शेजारी बसले. तो पुढं म्हणाला, "आन इथी लिहेल हाये पाह्य. ज्यायले कॅन्सर नाई, त्यायचा नमुना तुलनेसाठी. म्हंजे तू ह्यातली."

त्यानं त्या ओळीवर बोट ठेवलं. मी एक डोळा मिटून वाचलं. होतं तसं. तिथपर्यंत मी पोचलेच नव्हते.

भीती गेली असं नाही. पण पाणी घेतलं आणि दोन घास खाल्ले. नवऱ्याला फोन लावला. तो फक्त म्हणाला, "माह्या बिडीनंच झालं ना हे? तुह्याकडे पाहाची हिंमत नाई व्हत मले." तो मान का फिरवत होता ते मला तेव्हा कळलं.

सकाळी पहिल्या गाडीनं दादा मला परत घेऊन गेला. डॉक्टर मॅडमनी खाडखाड बोलून घेतलं. नस दाबलेली असताना एसटीत धक्के खात फिरलात, एक दिवस गेला, उद्या तुमची नजर गेली असती तर कुणाला विचारलं असतं? मी खाली मान घालून ऐकलं. त्या रागावल्या हे मला बरं वाटलं. मायवर कुणी डॉक्टर रागावला नव्हता.

मग ती संशोधनवाली मुलगी आली. मी पळून गेल्याचं तिला कळलं होतं, तिचाही चेहरा उतरला होता. "काकू, मी सांगायला पाहिजे होतं," ती म्हणाली आणि खाटेवरच बसली. तिनं सांगितलं की कॅन्सरच्या गाठीभोवतीही सूज असते. ती कधी गाठीशी भांडते, कधी गाठीलाच वाढायला मदत करते, आणि असं का होतं हे अजून नीट कळलेलं नाही. माझ्या डोळ्यामागं गाठ नाही, पण शरीरानं आपल्याच मांसावर उठून सूज आणलीय. "गाठ नसताना सूज कशी असते ते बघितल्याशिवाय गाठीजवळची सूज ओळखता येत नाही. म्हणून दोन्ही शेजारी ठेवून बघतो. तुमचा नमुना हवाय तो त्यात कॅन्सर नाही म्हणूनच."

"हे लिहून दे," मी म्हटलं.

तिनं मॅडमना विचारून माझ्याच स्कॅनच्या रिपोर्टखाली मराठीत लिहिलं की गाठ आढळली नाही, आणि मॅडमनी सही केली. मी ते तीनदा वाचलं. मग तिच्या कागदावर मी सही केली. कुणी म्हणालं म्हणून नाही. मायच्या गालातून काढलेला तुकडा कुठं गेला, त्यातून कुणाला काही कळलं का, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं, ते त्या क्षणी फार लागलं.

ऑपरेशनला नेताना दातावर दात आपटत होते. तोंडावर मास्क ठेवला तेव्हा मी भुलीच्या डॉक्टरांचा हात घट्ट धरला होता, तो त्यांनी सोडवला नाही. पट्टी निघाली तेव्हा समोर सगळं धुरकट होतं. आठ दिवसांनी मॅडमनी रंगाचं पुस्तक पुन्हा धरलं. डाव्या डोळ्यानं मी पहिला आकडा वाचला, दुसरा वाचला. तिसरा चुकला. मॅडम हसल्या, "पुष्कळ झालं. नस वाचली."

सगळं जागेवर आलं नाही. वर बघितलं की अजून दोन दिसतं. चष्म्याच्या काचेत काही बदल करून दिला आहे, त्यानं खाली बघून शिवता येतं. झोपताना मलम लावावं लागतं. नवऱ्यानं बिडी दोनदा सोडली, दोनदा धरली, आता तिसऱ्यांदा सोडली आहे. दर काही महिन्यांनी रक्त तपासायला गेले की रिपोर्ट येईपर्यंत मी जेवत नाही. मुलगी चिडते, पण जेवण जातच नाही.

यंदा उन्हाळ्यात त्या संशोधनवाल्या मुलीचा फोन आला. अभ्यासासाठी रक्ताचा एक नमुना आणखी हवा होता. "काही सापडलं का?" मी विचारलं. "अजून नाही, काकू. वर्षं लागतात," ती म्हणाली. मी गेले. रक्त घ्यायच्या खोलीबाहेर बाकड्यावर एक माणूस बसलेला होता, त्याचा अर्धा जबडा काढलेला, तोंडावर रुमाल. शेजारी त्याची बायको. मधे रिकामी जागा होती. मी थोडा वेळ उभीच राहिले. मग तिथं बसले.

"तुमीबी त्याच अभ्यासाच्या का?" बायकोनं विचारलं.

"हाव," मी म्हटलं.

"तुमाले कुठी झाला?"

"मले झाला नाई. मले डोळ्याचं हाये."

तिनं माझ्या डोळ्यांकडे नीट पाहिलं. मग नवऱ्याच्या कानाशी वाकून त्याला मोठ्यानं सांगितलं, "यायले नाई झाला." त्यानं रुमालावरून माझ्याकडे बघितलं आणि बरं आहे, अशी मान हलवली. आतून माझा नंबर पुकारला, तेव्हा त्यानं पाय आत घेऊन मला वाट दिली.